साखरेवरचं झाड

माझी बायको गेली तेव्हा तिचं झाड दारात चांगलं उभं होतं. बसायला आलेल्या लोकांनी त्याच्या बुडाशी चपला काढल्या, कोणी त्याच्यावर हात पुसले, तरी ते उभंच. झाड काही मोठं नव्हतं. गुडघ्याच्या जरासं वर. पान बाणाच्या टोकासारखं, अर्धं हिरवं आणि अर्धं दुधासारखं पांढरं. मधोमध कापून दोन पानं एकमेकांना शिवल्यासारखं दिसायचं. बायको त्याला कबरी म्हणायची. आमच्याकडे कधीकाळी एक कबरी बकरी होती, तिच्यावरून.

दिवस उरकले, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि मला वास आला. मी आधी खाटेखाली पाह्यलं. मग कोठीमागं उंदीर मेला असेल म्हणून डबे सरकवले. कुठंच काही नाही. दारात बसून तंबाखू मळत होतो तेव्हा कळलं की वास झाडाचा आहे. मातीजवळचं खोड काळं पडलं होतं. बोटानं दाबलं तर बोट आत गेलं आणि पाणी आलं. वरची पानं मात्र तशीच टवटवीत. त्यांना अजून काही ठाऊकच नव्हतं.

थोरल्या वहिनीनं लांबूनच पाह्यलं. म्हणाली की गेलेली बोलावून राह्यली त्याला, उपटून नाल्यात टाक, घरात अजून माणसं आहेत. घरात आता मी एकटाच आहे हे तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, तिला तिकडं झाड कायले लागते. वहिनी मग माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मला ते झाड पाहिजे होतं. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं, जसं होतं तसंच. बाकी जे गेलं ते गेलं, त्याच्यावर माझं काही चाललं नाही. हे एक मी जाऊ देणार नव्हतो.

ते वाचवायचं तर कुठं न्यायचं हे मला ठाऊक होतं, कारण ते आलंच तिथून. आमच्या तांड्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, घाटंजीच्या रस्त्याला, शोभेच्या झाडांची लॅब आहे. बाहेरून कापसाचं गोदाम वाटते. आत बाटल्यांत झाडं करतात. बी नाही, माती नाही. झाडाचा नखाएवढा तुकडा घेतात, औषधात धुतात आणि काचेच्या बाटलीत जेलीच्या थरावर ठेवतात. त्या जेलीत साखर असते, आणखी काही औषधं असतात. झाकण लावून बाटली ट्यूबलाइटखाली मांडायची. थंड खोली, भिंतभर फळ्या, फळ्यांवर बाटल्या. तुकड्याला कोंब फुटतात. ते कापून पुन्हा नव्या बाटल्यांत. असं करत एका झाडाची इतकी होतात की सारी मोजायला कोणी बसत नाही. इथून ती पुण्याकडं, हैदराबादकडं जातात. हॉटेलात ठेवायला म्हणे.

मी तिथं कुकरवर होतो. माणूस आत मावेल एवढा कुकर. बाटल्या, जेली, चिमटे, सारं त्यात उकळून निघायचं, तेव्हा आत जायचं. आणि जे खराब झालं तेही त्यात उकळूनच बाहेर फेकायचं. बुरशी लागलेली बाटली नुसती उघडली तरी खोलीतल्या साऱ्या बाटल्यांना बुरशी धरते. म्हणून आधी शिजवा, मग फेका. एवढंच माझं काम. शाळा मी चौथीत सोडली, पण वाफेचा काटा वाचता येतो.

बायको शेडात होती. बाटलीतून काढलेली रोपं एकदम उन्हात ठेवली तर मरतात. त्यांना प्लास्टिकखाली, हिरव्या जाळीखाली ठेवून हळूहळू हवेची आणि मातीची सवय करावी लागते. ते तिचं काम. सारी रोपं एकसारखी पाहिजेत, हाच तिथला धंदा. एखादं वेगळं निघालं की मागच्या ढिगावर. कबरी तशीच निघाली होती. साऱ्या हिरव्यांत एक अर्धी पांढरी. तेव्हाच्या साहेबानं फेकली. बायकोनं ढिगावरून उचलली आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली.

मी म्हणालो होतो, फेकलेलं कायले आणलं.

ती म्हणाली, "तुमाले बी कोणी ठेवून घेत नव्हतं. मीच आणलं ना."

मग तिनं चुलीची राख आणि शेण घालून दारातली माती पोकळ केली आणि तिथं लावली. दोघं म्हातारे झालो, काम सुटलं, तरी ती रोज सकाळी त्या झाडाची पानं ओल्या फडक्यानं पुसायची. माणसाचं तोंड पुसावं तशी. मला कधी ओल्या फडक्यानं पुसलं नाही. आजारी पडल्यावर मी तिचं तोंड पुसायचो, तेव्हा ती हसली होती. काहून हसली ते मी विचारलं नाही.

मी शेंड्याच्या दोन फांद्या आणि सगळ्यात चांगलं एक पान कापलं. पान घरी ठेवलं, फांद्या ओल्या कापडात गुंडाळल्या आणि लॅबमध्ये गेलो. तिथं आता एक तरुण मॅडम आहे. शिकलेली, लातूरकडची, बोलायला साधी. तिनं फांदी नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

"काका, हे आतून गेलंय. शेंड्यात शिरलं नसेल तर जमेल. शिरलं असेल तर नाही."

मी म्हणालो, करून पाह्य.

तिनं मला खुर्ची दिली आणि नीट सांगितलं. कबरीचा पांढरा रंग आणि हिरवा रंग हे एकाच पानात असले तरी वेगवेगळ्या थरांत असतात. पांढऱ्याचा थर वेगळा, हिरव्याचा वेगळा. शेंड्यापासून झाड वाढवलं तर थर सोबत चालतात आणि पान दोन रंगांचंच येते. पण शेंडा हाती लागला नाही, आणि देठाच्या तुकड्यावर नुसती गाठ धरली, आणि त्या गाठीतून कोंब काढावे लागले, तर थर सुटतात. मग काही कोंब नुसते हिरवे, काही नुसते पांढरे, आणि दोन रंगांचे नशिबानं एखाद-दुसरे. मला कळलं. दोन रंगांच्या सुतानं वळलेली दोरी उकलली की प्रत्येक सूत आपल्या वाटेनं जाते.

शेंडे एकामागून एक गेले. मी बाजाराच्या दिवशी जायचो, मॅडम मान हलवायची. बाटलीतल्या जेलीत तुकड्याच्या बुडाशी काळा धूर निघाल्यासारखं दिसायचं. रोग आतच होता. बाहेरून कितीही धुवा. माझ्या बायकोच्या बाबतीतही यवतमाळच्या डॉक्टरनं हेच म्हटलं होतं, आधी आत होतं, दिसलं उशिरा. शेवटी एकच बाटली निकोप राह्यली. तिच्यात शेंडा नव्हता. देठाचा एक तुकडा, आणि त्याच्यावर चण्याएवढी पिवळट गाठ.

मॅडम म्हणाली की आता हीच आहे. मी म्हणालो, हीच तर हीच.

घरी आलो तर दारातली कबरी आडवी पडली होती. वारं नव्हतं, कोंबडी नव्हती, आपणहून पडली. मुळापासून वेगळी होऊन. मी ती नाल्यात टाकली नाही. खड्डा तसाच ठेवला, त्यावर एक टोपलं पालथं घातलं. कापून ठेवलेलं ते एक पान तेवढं बायकोच्या लुगड्याच्या घडीत वाळत होतं.

पोरगी मारेगावला दिली आहे. ती फोन करायची, तर मी गाठ किती वाढली ते सांगायचो. ती म्हणायची, "बा, गाठीचं राहू द्या. जेवले का ते सांगा." जेवलो म्हणून सांगायचो.

त्यानंतर मॅडमच्या वडिलांचं दुखणं निघालं आणि ती रजेवर गावी गेली. ती गेली तेव्हा गाठीला नुसते टाचणीच्या डोक्यासारखे फुगवटे आले होते, रंग फुटला नव्हता. कापायचं काम तिनं टेबलावरच्या बायांवर सोपवलं. त्या बाया कोण तर आमच्याच भागातल्या, वेचणीला जाणाऱ्या. कापूस वेचणारीची बोटं हलकी असतात, कोंबाला जखम होत नाही, म्हणून लॅबवाले त्यांनाच घेतात. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, हाताला स्पिरीट, समोर दिवा, एका हातात चिमटा, एका हातात पातं. त्यांच्यात एक माझ्या बायकोची जोडीदारीण. दोघी लहानपणापासून एका तासाला, म्हणजे कापसाच्या एकाच ओळीत, वेचायच्या. मला भाऊजी म्हणते. तीच माझ्या बाटल्या पाहायची.

मी काचेबाहेर उभा राह्यचो. ती आतून बाटली वर करून दाखवायची. एका बाजाराला पाह्यलं तर गाठीतून कोंब फुटले होते. पुढं काही बाजारांनी पाह्यलं तर बाटल्याच बाटल्या, आणि प्रत्येकीत पांढरं. अशी पांढरी पानं मी पाह्यली नव्हती. मेणासारखी, खालून उजेड लावल्यासारखी. पूर्ण फळी पांढरी झाली होती. जोडीदारीण बाहेर आली, तोंडाचं फडकं खाली केलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुमची कबरी म्हातारी झाली. सारे केस पांढरे झाले तिचे."

मी म्हणालो, "तुह्ये बी झाले आहेत. टोपी काढ मंग दिसतीन."

ती हसली. मीही हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. पांढरं पाहून मला भीती वाटायला पाहिजे होती. पण आमचा भाग कापसाचा आहे. पांढरं दिसलं की आमचं मन आपोआप चांगलंच समजते. फुटलेल्या बोंडाला कोणी नावं ठेवत नाही. मला वाटलं, पांढरं जास्त आलं म्हणजे झाड जोमात आहे. हिरवं मागून येईल.

त्याच दिवशी कुकरवरचा माणूस त्याच्या मामाच्या घरी लग्नाला गेला होता. मॅनेजर म्हणाला, काका, जुने आहात, एक घाणा काढून द्या. खराब बाटल्यांची दोन क्रेट भरून ठेवली होती. मला बरंच वाटलं. हात रिकामे होते माझे. मी बाटल्या आत मांडल्या, झाकणाचे नट आवळले, काटा चढू दिला, वाफ सोडली, थंड होईपर्यंत तिथंच बसलो. झाकण उघडलं की जो वास येतो तो मला चांगला ठाऊक आहे. उकडलेल्या पालेभाजीचा, थोडा गोड. बाटल्या उपड्या करून गाळ टोपल्यात ओतला. त्यात एक बारकं पान हाताला चिकटलं. शिजून खाकी झालं होतं, पण अर्ध्या भागाचा खाकी गडद होता आणि अर्ध्याचा फिका. मी ते बोटानं झटकलं. कोणत्या तरी दुसऱ्या लॉटचं असेल म्हणून पुढं काम केलं. बाटल्या घासून उन्हात पालथ्या घातल्या आणि चहा पिऊन घरी आलो. त्या रात्री झोप चांगली लागली.

मॅडम परत आली त्या दिवशी मी तिथंच होतो. ती फळीसमोर गेली आणि उभी राह्यली. एक बाटली उचलली, ठेवली, दुसरी उचलली. खालच्या फळीच्या कोपऱ्यात त्याच गाठीच्या काही हिरव्या बाटल्या होत्या, त्या पाह्यल्या. मग बायांकडं पाह्यलं. दवाखान्यात डॉक्टरनंही रिपोर्ट वाचून असंच आधी नर्सकडं पाह्यलं होतं.

मॅडम मला म्हणाली की तपासून पाहू. झाडाच्या आतली जात बदलली का ते तपासता येते. पांढऱ्याचं पान, हिरव्याचं पान आणि मूळ झाडाचं पान, तिन्ही बाहेरगावी मोठ्या लॅबमध्ये पाठवायचं. मूळ झाडाचं पान आहे का तुमच्याकडे, असं तिनं विचारलं. वाळलेलं चालते म्हणाली.

मी लुगड्याच्या घडीतलं पान आणून दिलं. ते वाटून त्याचं पाणी करतात, म्हणजे परत मिळणार नव्हतं. तिनं मला ते आधीच सांगितलं. अर्धं ठेवून घेऊ का असंही म्हणाली. मी म्हणालो, सारं ने. अर्ध्या पानानं चूक निघाली तर पुन्हा कुठून आणू.

बऱ्याच दिवसांनी एक फोटो आला. काळ्या कागदावर उजळ रेघा, उभ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तीन शिड्या बाजूबाजूला. मॅडमनं बोट ठेवून दाखवलं. या शिडीची ही पायरी, त्या शिडीची तीच पायरी. कुठंच फरक नाही.

मी म्हणालो, "म्हंजे तिन्ही एकच."

"कागदावर एकच," मॅडम म्हणाली. "आम्ही ठरावीक ठिकाणंच तपासतो, काका. हा फरक त्या ठिकाणी नाही. कबरीचं सारं या दोघांत आहे, फक्त वेगळं झालंय."

मग पाहिजे ते आहेच की, असं मी म्हणून गेलो. मग तिनं मला जे आधीच सांगायचं होतं ते सांगितलं. हिरवं पान उन्हावर आपला सैपाक आपण करते. पांढऱ्या पानाला तो येत नाही. त्याच्यात चूलच नाही. कबरीमध्ये हिरवी बाजू रांधायची आणि पांढरी बाजू खायची, म्हणून दोन्ही जगत होत्या. बाटलीतली पांढरी रोपं जगून राह्यली ती जेलीतल्या साखरेवर. बाटलीच्या बाहेर त्यांना साखर नाही.

मला लगेच दवाखान्यातली बाटली दिसली. वर टांगलेली, नळी खाली आलेली, थेंब थेंब. बायकोला गिळता येत नव्हतं. ती पण पांढरीच झाली होती. तोंड शांत, कातडी मेणासारखी, जवळच्या लोकांना वाटायचं की बरी दिसते. डॉक्टर म्हणाला होता, "आजोबा, सुई ठेवू की काढू? काढली तर घरी नेता येईल." मी म्हणालो, घरी नेऊ. तिलाही घरी यायचं होतं, दारात बसायचं होतं. घरी आणलं. तिनं दारात बसून कबरीचं एक पान पुसलं. पुढचा बाजार तिनं पाह्यला नाही.

मी मॅडमला म्हणालो की काही पांढरी बाहेर काढून तर पाह्य. ती नको म्हणत होती. मी हट्ट धरला. शेडात बायकोची जागा अजून तशीच होती, तिनं बांधलेली प्लास्टिकची दोरीही तीच. तिथं रोपांच्या मुळांची जेली कोमट पाण्यात धुतली, नारळाच्या भुश्यात लावली, वर प्लास्टिक टाकलं. मी रोज जात होतो. पहिले काही दिवस ती तशीच पांढरी, सरळ. जोडीदारीण म्हणाली, पाह्य भाऊजी, मॅडमले काय समजते. मग एका सकाळी पानाच्या कडेनं चहाचा डाग पडल्यासारखा रंग आला. दुसऱ्या दिवशी पान काचेसारखं झालं, त्यातून पलीकडचं दिसायचं. मग ती सारी एकाच दिशेला झोपली. दुखलं नसेल त्यांना. पण मी तिथं उभा राहून पाह्यलं आणि कोणाला हाक मारली नाही. हाक मारून काही करता येत नाही हे मी घरी एकदा शिकलो होतो.

मॅडमनं मग बायांना बोलावलं. रागावली नाही, त्यानं जास्त भीती वाटली. एवढंच विचारलं की गाठीतून दोन रंगांचा एकही कोंब निघाला नव्हता का.

बाकीच्या बाया खाली पाहायला लागल्या. जोडीदारीण बोलली. निघाले होते. एका बाटलीत पाच-सहा होते. बारीक, मरगळलेले, हिरव्यात पांढरे पट्टे. तिला वाटलं डागी आहेत. कापूस वेचताना किडकं, डागी बोंड निघते त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. कवडी चांगल्या कापसात गेली तर व्यापारी पूर्ण ओझ्याचा भाव पाडतो. म्हणून वेचतानाच ती वेगळी काढायची, हे बोटांना लहानपणापासून शिकवलेलं असते, डोक्याला विचारावं लागत नाही. तिनं पांढरेशुभ्र कोंब निवडून निवडून पुढच्या बाटल्यांत घेतले. पट्ट्याचे कवडी म्हणून बाजूला काढले. जोडीदारणीच्या झाडाला डाग लागू नये म्हणून. ती बाटली खराब क्रेटमध्ये ठेवली.

"त्या बाजारच्या दिवशी," ती म्हणाली. "तुमी आलते ना भाऊजी, त्या दिवशी."

मी माझ्या हाताकडं पाह्यलं. कोणत्या बोटाला ते पान चिकटलं होतं ते मला आठवलं.

जोडीदारीण रडायला लागली. लहान पोरीसारखी, फडकं तोंडावर धरून. म्हणाली, मी तिच्या झाडाची वैरीण झाली. मी तिला काही बोललो नाही. बोलायचं म्हटलं तर कुकरचं झाकण कोणी आवळलं हे आधी सांगावं लागलं असतं. ते मी मॅडमला नंतर सांगितलं, एकटीला. मॅडम म्हणाली, काका, तुम्हाला कुठं ठाऊक होतं. बरोबर आहे. कोणालाच ठाऊक नव्हतं. सारं चांगल्या मनानं झालं. वाईट मनानं झालं असतं तर निदान कोणाचा तरी गळा धरता आला असता.

पुन्हा गाठ करता येईल का, हेही विचारलं. गाठ संपली होती, सारी कापून बाटल्यांत वाटली गेली होती. मॅडमनं हिरव्या आणि पांढऱ्या रोपांना जोडून पाह्यलं, एकाच्या देठावर दुसरं बसवून. धरलं नाही. पुढं एखाद्या हिरव्यातून आपणहून पांढरा पट्टा निघू शकतो का, असं मी विचारलं, तर म्हणाली, या हिरव्यात पांढऱ्याचा थरच उरला नाही. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती बोलली नाही.

मग मॅडमनं मला एक हिरवं रोप मातीसकट दिलं आणि एक पांढऱ्याची बाटली दिली. बाकीची फळी मॅनेजरला रिकामी पाहिजे होती.

हिरवं मी दारात लावलं. जुन्या खड्ड्यात नाही, मॅडमनं बजावलं होतं की रोग मातीत बसला असेल. टोपलं अजून त्यावर पालथं आहे. हिरवं चांगलं वाढून राह्यलं. वहिनी येताजाता म्हणते, बघ, आलं ना परत. मी मान हलवतो. शिडीच्या कागदावर ते माझ्या बायकोचंच झाड आहे. पण असं झाड हैदराबादच्या कोणत्याही हॉटेलात आहे. ते पाहून मला काहीच होत नाही. पाणी मात्र घालतो.

बाटली आत कोनाड्यात आहे, बायकोच्या फोटोपाशी नाही, खिडकीपाशी. पोरगी आली होती तेव्हा तिनं ती पाह्यली आणि किती सुंदर आहे म्हणाली. मग सारं ऐकल्यावर म्हणाली, बा, हे घरात नका ठेवू. मला नाही आवडत याच्याकडं पाहायला. ती रात्री त्या खोलीत झोपली नाही. मारेगावला चला, असं तिनं पुन्हा म्हटलं. मी म्हणालो, बाटली बसमध्ये हलते.

जेली आटते हे मला ठाऊक आहे. आटली की काचेपासून सुटते, बाजूला फट पडते, आणि पानाच्या कडेला तो चहाचा रंग येतो. तसं दिसलं की मी बाटली भाजीच्या पिशवीत, गोणपाटात गुंडाळून लॅबमध्ये नेतो. जोडीदारीण टेबलावर बसून ते रोप ताज्या जेलीत घालून देते. मॅडम आता दुसरीकडं जाणार म्हणतात. नवीन साहेब हे चालू देईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. जोडीदारणीचा हातही आता थरथरतो.

या खेपेला रोपाची खालची दोन पानं गेली होती. तिनं बाटली उजेडापुढं धरली, बराच वेळ फिरवून पाह्यली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊजी, नवी बाटली भरू, का काढू आता बाहेर?"

डॉक्टरनं हेच विचारलं होतं. तेव्हा मी लगेच उत्तर दिलं होतं, घरी नेऊ म्हणून.

मी म्हणालो, "भर. मी जवर येतो तवर भरत राह्य."

तिनं दिवा पेटवला. चिमटा तापवला, थंड होऊ दिला. मी काचेबाहेर उभा राह्यलो. एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जाताना ते रोप क्षणभर उघड्या हवेत होतं, मुळं लोंबत, आणि मी तेवढा वेळ श्वास धरला.

आता ते खिडकीत आहे. काचेला आतून वाफ धरली आहे. सकाळी उठल्यावर मी आधी झाकणाला हात लावून पाहतो, घट्ट आहे का. मग तोंड धुतो.